नाकाने लावलेला फोन

लेकीने डबी उघडून घड्याळ टेबलावर ठेवलं तेव्हा मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत मैद्यात होते, आणि ते बाहेर काढण्याची तसदी त्यांनी घेतली नाही.

“काय आहे?”

“घड्याळ.”

“भिंतीवर आहे की एक.”

“ते भिंतीला वेळ सांगतं. हे तुझ्यावर लक्ष ठेवेल. फोन येतो यात, मेसेज येतो, छातीचे ठोके मोजतं, पावलं मोजतं. आणि तू पडलीस तर मला आपोआप कळवतं.”

“मी कशाला पडू?” मावशी म्हणाल्या आणि पीठ मळत राहिल्या.

कोपऱ्यावरच्या या बेकरीत मावशींनी चौतीस वर्षं काढली होती. वय एकसष्ट, दंड पैलवानासारखे, आणि जीभ त्याहून तयार. गिऱ्हाईक लहान असो की म्हातारं, सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. पाव भाजला गेला की नाही हे त्या वासावरून सांगत आणि नव्याण्णव वेळा बरोबर सांगत. शंभराव्या वेळी जळालेला पाव शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याला फुकट मिळे, त्यामुळे त्याची कधी तक्रार नसे. सकाळच्या घाण्याला एक कारागीर यायचा, तो दहाला माल टेम्पोत भरून दुकानांना पोचवायला जायचा आणि तिथूनच घरी. दुपारचा घाणा मावशी एकट्या काढत. लेकीचा जीव खाली-वर व्हायचा तो याच एकटेपणाने.

“आई, सरळ सांगते,” लेक म्हणाली. तिचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि ती जेवणाची सुट्टी मोडून आली होती. “एक तर बेकरी बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. नाहीतर हे घाल.”

“याला किती पडले?”

लेकीने आकडा सांगितला. मावशींचे हात पहिल्यांदाच थांबले.

“एवढ्यात नवा मिक्सर येतो.”

“मिक्सर मला फोन करणार नाही.”

  मग अट ठरली. महिनाभर घड्याळ घालायचं. महिन्यात मावशी एकदाही पडल्या नाहीत, तर बेकरी बंद करण्याचा विषय लेक परत काढणार नाही. एकदा जरी खरोखर पडल्या, तर बेकरीची किल्ली लेकीच्या हातात.

“मंजूर,” मावशी म्हणाल्या. चौतीस वर्षांत जी बाई पडली नाही ती तीस दिवसांत काय पडणार? त्यांनी इतक्या सहज होकार दिला की लेकच जरा बिचकली.

आता बेकरीत मनगटावर काही घालत नाहीत. बांगडी नाही, धागा नाही, काही नाही. पीठ चिकटतं, आणि चिकटलेलं पीठ आंबलं की नको तो वास सुटतो. मावशींनी यावर तोडगा काढला. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवून ते त्यांनी डाव्या हातावर वर सरकवलं, कोपराच्या खाली चार बोटं. वरून पाव बांधायच्या पातळ प्लास्टिकचा एक फेरा दिला. भाजलेल्या जागेवर पट्टी बांधावी तसं दिसत होतं, पण पीठ काही आत जात नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारीच घोळ झाला.

मावशींच्या बेकरीत पीठ मळल्यावर आपटतात. मोठा गोळा दोन्ही हातांनी डोक्याइतका उचलायचा आणि लाकडी टेबलावर दाणकन टाकायचा, असं तीस वेळा. मावशींना हे त्यांच्या सासऱ्यांनी शिकवलं होतं आणि यंत्रं आल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. बाकीच्या बेकऱ्यांचा पाव दुसऱ्या दिवशी खडखडीत होतो आणि आपला होत नाही, याचं श्रेय त्या या आपटण्याला देत. नवव्या आपटीला हातावर काहीतरी थरथरलं. प्लास्टिकमागे अक्षरं उमटली होती. ‘तुम्ही जोरात पडल्यासारखं दिसतंय.’ खाली दोन चौकोन होते. एकात ‘मी ठीक आहे’, दुसऱ्यात ‘मदत बोलवा’.

मावशींनी पिठाच्या बोटाने पहिला चौकोन दाबला. काही झालं नाही. परत दाबला. काचेला पिठाचं बोट म्हणजे बोटच वाटेना. तोवर मिनिट संपलं आणि घड्याळाने आपल्या अकलेने लेकीला फोन लावला.

“आई? आई, कुठे लागलं?”

“कुणाला?”

“तू पडलीस ना?”

“मी पीठ आपटत होते.”

 मग लेक म्हणाली, “मी लिफ्टमध्ये आहे. अर्ध्यापर्यंत खाली आले होते.”

पहिल्या आठवड्यात हे चार वेळा झालं. दुसऱ्या वेळी तर लेक रिक्षा करून थेट बेकरीत येऊन पोचली, केस विस्कटलेले, एका पायात ऑफिसची चप्पल आणि दुसऱ्या पायात दुसरीच. मावशी तिला पाहून हसल्या. लेक हसली नाही. तिने एक पाव मागून घेतला, उभ्यानेच कोरडा खाल्ला आणि परत गेली. मावशींना तेव्हा कुठेतरी आत टोचलं, पण दुपारची गिऱ्हाइकं आली आणि ते टोचणं त्या विसरल्या.

सायकलवाला रोज चार वाजता चहाचा पेला घेऊन बेकरीच्या पायरीवर बसायचा. पन्नाशीचा माणूस, हात कायम काळे. घड्याळाची किंमत ऐकल्यापासून त्याची झोप उडाली होती.

“मावशी, एवढ्यात मी दोन सायकली देतो. गिअरच्या.”

“मला सायकल येत नाही.”

“ते राहू द्या. पण करतं काय ते, जे साधं घड्याळ करत नाही?”

मावशींनी हिशेबाने उत्तर दिलं, कारण बोलायला लागल्या की त्या कोणाचंही वाईट प्रामाणिकपणे सांगत आणि चांगलंही. पावलं मोजतं, ते बिनकामाचं. भट्टी ते टेबल सात पावलं, ती त्यांना तीस वर्षांपासून ठाऊक होती. झोप कशी लागली ते सकाळी सांगतं, तेही बिनकामाचं. ज्याची झोप त्याला कळत नाही की काय? ठोके मोजतं, तिकडे त्या बघतच नसत. “पण एक आहे,” त्या म्हणाल्या. भट्टीत ट्रे सरकवताना ‘अठरा मिनिटं’ एवढं तोंडाने म्हटलं की घड्याळ अठरा मिनिटं मोजतं आणि वेळ झाली की हात हलवून सांगतं. गिऱ्हाईक बडबडत असलं तरी, रेडिओ मोठा असला तरी. “तीन आठवड्यांत तुम्हाला जळका पाव मिळाला का?”

सायकलवाल्याने आठवून पाहिलं. त्याचा चेहरा पडला. “नाही मिळाला.”

“मग झालं.”

“म्हणजे माझ्या पोटावर आलं हे घड्याळ,” तो म्हणाला आणि उरलेला चहा एका घोटात संपवून उठला.

आपटण्याच्या वेळी घड्याळ काढून खुंटीला अडकवायचं, हा उपाय मावशींना दुसऱ्या आठवड्यात सुचला. त्यानंतर लेकीला एकही खोटा फोन गेला नाही. दिवस भराभर गेले. विसावा झाला, पंचविसावा झाला. मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली होती आणि फुल्या मारताना त्या गुणगुणत असत.

सव्विसाव्या दिवशी दुपारी त्या पडल्या.

पडल्या म्हणजे काय, घसरल्या. ट्रेला लावायचं तेल जमिनीवर सांडलं होतं आणि ते पुसायचं त्यांच्या डोक्यात होतंही. सहा ट्रे भट्टीत सरकवले, ‘अठरा मिनिटं’ म्हटलं, पुढच्या घाण्याचं पीठ मळलं, मैदा कमी वाटला म्हणून हात तसेच भरलेले घेऊन पोत्याकडे वळल्या, आणि उजवा पाय पुढे निघून गेला. पाठ मैद्याच्या पोत्यांच्या थप्पीला टेकली आणि थप्पीला घासत घासत त्या हळूहळू खाली आल्या, अगदी आरामखुर्चीत बसावं तशा. फक्त उजवा पाय खाली दुमडला गेला आणि घोट्यात काहीतरी कट्कन वाजलं.

मावशींनी आधी पाय सरळ केला. मग उठायचा प्रयत्न केला. घोट्याने साफ नकार दिला.

घड्याळ गप्प होतं. पिठाचा गोळा आपटला की आकाशपाताळ एक करणारं ते घड्याळ, बाई खरोखर खाली आली तर ढिम्म. इतक्या सावकाश पडण्याला ते पडणं मानतच नव्हतं. मावशींना आधी राग आला. मग राग गेला आणि एक विचार आला. त्या विचाराने त्यांच्या तोंडावर चक्क हसू आलं. घड्याळाला पत्ता नाही, म्हणजे लेकीला पत्ता नाही. चार दिवस राहिले होते.

त्यांनी सायकलवाल्याला हाक मारली. पलीकडे त्याचा हवा भरायचा पंप धडधडत होता, हाक दारापर्यंतसुद्धा पोचली नाही. तेवढ्यात हात थरथरला. अठरा मिनिटं झाली होती. सहा ट्रे पाव भट्टीत होते आणि आता ते पावाचे जळके दगड होणार होते. मोबाइल गल्ल्याच्या खणात, खण वीस हातांवर. घड्याळ मात्र हातावर होतं. मावशींनी दातांनी प्लास्टिक फाडून काढलं. दोन्ही हात पिठाने असे लडबडलेले होते की ओढणीला पुसले तरी बोटांवरचा थर निघेना. काच पिठाचं बोट ओळखत नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं; तोंडाने सांगून फोनही लावता येतो हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्यांनी नाक खांद्याला पुसलं, डावा हात तोंडासमोर धरला आणि नाकाचा शेंडा काचेला लावला. काचेवरची अक्षरं हलली. मावशी स्वतःशीच म्हणाल्या, “हे बरं आहे.” नाकाने एकदा वर, एकदा खाली. नावांच्या यादीत सर्वांत वर लेक, तिच्याखाली सायकलवाला. मावशींचं नाक लेकीच्या नावावरून हळूच खाली सरकलं आणि सायकलवाल्यावर टेकलं.

तो धावत आला. आधी भट्टी बंद केली, हातमोजे न घालता ट्रे ओढले, दोनदा हात भाजून घेतले, मग मावशींना काखेत धरून स्टुलावर बसवलं. दुसरा स्टूल पायाखाली दिला. बर्फ कापडात बांधून घोट्यावर ठेवला. पाव जरा लाल झाले होते, पण विकण्यासारखे होते.

“लेकीला सांगायचं नाही ना?” त्याने विचारलं. त्याला अटीची सगळी हकिकत ठाऊक होती.

“नाही.”

“मी तोंड उघडत नाही. पाय मुरगळला, पायरीवर. एवढंच.” आणि तो गेला, कारण त्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक चाक हातात धरून उभं होतं.

मावशी भाजलेल्या पावांच्या वासात एकट्या बसून राहिल्या. जिंकल्या होत्या. बेकरी त्यांचीच राहणार होती. तरी त्यांना मघासारखं हसू येईना.

त्यांना पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. आठवली म्हणणं खरं नाही, ती कधी गेलीच नव्हती. त्यांच्या नवऱ्याच्या छातीत याच भट्टीसमोर कळ आली होती. लेकीची तेव्हा नवी नोकरी होती आणि ती प्रशिक्षणाला दुसऱ्या शहरात होती. मावशींनी तिला कळवलं नाही. उगाच घाबरेल, बरं वाटलं की सांगू. रोज फोनवर ‘बाबा झोपलेत, बाबा बाहेर गेलेत’ असं चार दिवस सांगितलं. पाचव्या दिवशी सांगावंच लागलं. लेक आली तेव्हा वडिलांच्या तोंडात नळी होती आणि ते बोलण्याच्या पलीकडे गेले होते. लेकीने आईला एक शब्दही विचारला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तिने फक्त पाच वर्षांनी एक महागडं घड्याळ आणून टेबलावर ठेवलं.

आणि आता कुठे मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीला आई पडण्याची भीती नव्हती. आई सांगणार नाही, याची भीती होती. म्हणून तिने आईऐवजी सांगणारं काहीतरी विकत घेतलं होतं. मावशींना स्वतःची लाज वाटली. भरपूर वाटली. अशी लाज त्यांना नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा रडण्यात ती झाकली गेली होती.

हात अजून पिठाचेच होते आणि मोरी लांब होती. त्यांनी घड्याळ पुन्हा तोंडासमोर धरलं. नाक या वेळी वरच्या नावावर थांबलं.

लेकीने लगेच उचलला. “काय गं, परत आपटलंस ना पीठ?”

“नाही,” मावशी म्हणाल्या. “या वेळी मीच आपटले.”

डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. हाड शाबूत होतं, शिरा ताणल्या होत्या, दोन आठवडे पाय टेकायचा नव्हता. संध्याकाळी लेकीच्या घरी, पाय उशीवर ठेवून बसल्यावर, मावशींनी ओढणीच्या गाठीतून बेकरीची किल्ली सोडली आणि लेकीपुढे धरली.

“घे. शब्द दिला होता.”

लेकीने किल्ली घेतली नाही. ती घड्याळ उलटसुलट करून बघत होती. “यात काहीच आलेलं नाही. पडल्याची नोंदच नाही.”

“त्याला वाटलं मी बसले.”

“आणि सायकलवाले काकाही बोलले नसते.”

“तो मेला तरी बोलला नसता.”

“मग तू का सांगितलंस? चार दिवस तर राहिले होते.”

मावशींना गोल बोलता येत नव्हतं आणि आज तर मुळीच नाही. “बाबांच्या वेळी मी तुला सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “चूक केली. तुझ्या भल्यासाठी नाही, माझ्या सोयीसाठी केली. तू आलीस की सगळं खरं होईल, असं वाटायचं मला. आज तुझ्यापुढे नाक घासलं ते त्याचं समज.” मग नाकाची हकिकत सांगावी लागली, कारण लेकीला वाटलं आई नुसतं बोलण्यात म्हणतेय.

लेक हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. पाच वर्षांचं साठलेलं होतं, ते काही पाच मिनिटांत संपलं नाही. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि एकदाही ‘उगी’ म्हणाल्या नाहीत.

रडणं थांबल्यावर लेकीने डोळे पुसले, घड्याळ जवळ ओढलं आणि त्यात काहीतरी शोधू लागली. दोन-चार ठिकाणी दाबून तिने ते आईच्या हातात परत दिलं.

“पडण्याचं मला आपोआप कळवायचं बंद केलंय. ठोक्यांचंही. आता ते मला काही सांगणार नाही.”

“मग एवढे पैसे वाया गेले की.”

“अठरा मिनिटं मोजेल ना. आणि फोन लागेल.” तिने किल्ली आईच्या मुठीत परत दाबली. “लावलास तर.”

दोन आठवड्यांनी मावशी बेकरीत परतल्या. दुपारच्या घाण्याला आता कारागिराची बायको मदतीला येणार होती. हे लेकीने नाही, मावशींनीच ठरवलं होतं. सायकलवाल्याने पायरीवर बसून विचारलं, “मग मावशी, पैसे वसूल झाले म्हणायचे का नाही? माझी बायको मागे लागलीय, तिलाही घ्यायचंय.”

“टायमर हवा असेल तर घ्या,” मावशी म्हणाल्या. “हात कायम कामात असतील तर नक्की घ्या. पण बायकोच्या मनातलं कळावं म्हणून घेणार असाल तर पैसे जपून ठेवा, त्यासाठी तिच्याशीच बोलावं लागेल.” सायकलवाला विचारात पडला आणि आपल्या दुकानात गेला.

मग मावशींनी हात धुतले, पुसले आणि या वेळी चांगल्या बोटाने फोन लावला. पलीकडे बरेच आवाज होते. लेक कुणाला तरी म्हणाली, “एक मिनिट, आईचा फोन आहे,” आणि दार लागल्याचं ऐकू आलं.

“आई? काय झालं?”

“काही नाही झालं. घोटा थोडा ठणकतोय, तेवढं सांगायला केला.”

लेकीने फोन ठेवला नाही. 

मावशींनी स्टूल ओढला, त्यावर बसल्या, आणि गुडघ्याचं सांगितलं. मग पाठीचं सांगितलं. मग गेल्या वर्षी पोतं उचलताना दोनदा आलेल्या चकरेचं सांगितलं, जे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लेक ऐकत राहिली. एकदाही मधे बोलून तिने आईला थांबवलं नाही.